थायरॉइडचा रिपोर्ट आला, आता पुढे काय?

उल्हासनगर, अंबरनाथ असो की बदलापूर, लॅबचा रिपोर्ट हल्ली थेट मोबाईलवर येतो. टीएसएचचा आकडा ठळक अक्षरात दिसला की घरात सगळे घाबरतात. उलट आकडा नॉर्मल आला की बऱ्याच बायका स्वतःच गोळी बंद करतात. या दोन्ही चुका टाळता येतात.

टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते पाठवते आणि गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावते. मुलं अभ्यास करेनाशी झाली की टीचरचा आवाज चढतो ना, तसंच थायरॉइड सुस्त पडली की टीएसएच वाढतं. थायरॉइड जास्त काम करू लागली की टीएसएच खाली जातं. म्हणून टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइडचं काम वाढलं असं नाही, बहुतेक वेळा उलटंच असतं.

मोठ्या माणसांत टीएसएच साधारण ०.४ ते ४ पर्यंत नॉर्मल धरतात. पण प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, ती आकड्याशेजारीच छापलेली असते. टीएसएच थोडं वाढलेलं आणि टी-४ नॉर्मल असेल तर डॉक्टर बऱ्याचदा लगेच गोळी देत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात, कारण आजारपणानंतर आकडा तात्पुरता हलू शकतो. १० च्या वर असेल तर सहसा औषध सुरू होतं.

गोळी सुरू केली किंवा डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासायचं. त्याआधी खरा परिणाम आकड्यात दिसत नाही. आकडा स्थिर झाला की वर्षातून एकदा पुरे. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकू शकतो.

रमजानमध्ये गोळी चुकवू नका. सेहरीच्या अर्धा-एक तास आधी, किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना, यातली कोणती वेळ ठेवायची ते डॉक्टरांशी आधीच ठरवा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. तपासणीसाठी रक्त दिल्याने हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत रोजा तुटत नाही.

सगळ्यात जपायचं ते गरोदरपणात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते. दिवस राहिल्याचं कळताच गोळी चालू ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. बहुतेकींना डोस वाढवावा लागतो आणि पहिले काही महिने दर चार आठवड्यांनी तपासणी होते.

जुने रिपोर्ट फेकू नका, एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी तपासणी करा. एका आकड्यापेक्षा चार रिपोर्ट शेजारी ठेवले की डॉक्टरांना जास्त कळतं.