ट्रकमधील गॅसची शेगडी

समुद्रपूर तालुक्यांतील जाम येथें नागपूरहून येणारा हमरस्ता दुभंगतो. एक फांटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. या वाटेनें दूरच्या मजला मारणाऱ्या ट्रकचालकाचें व त्याच्या क्लीनरचें घर म्हणजे ट्रकची केबिनच होय. ५ किलोंची टाकी व तिला जोडलेली लहानशी शेगडी एवढाच पुष्कळांच्या स्वयंपाकाचा पसारा असतो. पौष-माघांतील थंड रात्रीं ही शेगडी एकाएकीं रुसते. ज्योत मंदावते, पिंवळी पडते किंवा विझून जाते. अशा वेळीं टाकी हलवावी, आडवी करावी, तिच्याखालीं जाळ धरावा, असे उपाय सुचतात. ते सर्वच घातक आहेत. दोष शोधण्याची सरळ रीत ही कीं, गॅस ज्या वाटेनें जातो त्याच वाटेनें, टाकीपासून बर्नरपर्यंत, क्रमाक्रमानें पाहत जावें.

प्रथम टाकी. तिच्यांत प्रोपेन व ब्युटेन हे दोन वायु दाबाखालीं द्रवरूपानें भरलेले असतात. प्रोपेन उणें ४२ अंश सेंटिग्रेडला उकळतो. ब्युटेन मात्र जवळजवळ शून्य अंशाला. म्हणून थंडी वाढली कीं टाकींतील दाब उतरतो. शिवाय द्रवाचा वायु होतांना लागणारी उष्णता टाकीच्या अंगांतूनच घेतली जाते. मातीच्या माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें चालू टाकीही गार पडते आणि तिच्यावर दंव जमतें. टाकी संपत आली असल्यास हा परिणाम अधिक जाणवतो. उपाय साधा आहे. शेगडी कांहीं वेळ बंद ठेवून टाकीला भोवतालच्या हवेंतून पुन्हा ऊब घेऊं द्यावी. टाकी आडवी केली तर वायूऐवजीं द्रवच नळींत शिरतो. एक माप द्रवापासून सुमारें २५० मापें वायु होतो, आणि मग भडका उडण्यास उशीर लागत नाहीं.

दुसरें स्थान रेग्युलेटर व नळी यांचें. नळी सामानाखालीं चेपली असली तर ज्योत मंद होते. उन्हानें व रस्त्यांतील हादऱ्यांनीं नळीला चिरा पडतात. ती पांच वर्षांनीं, आणि चीर दिसल्यास त्यापूर्वींच, बदलणें इष्ट. गळतीचा संशय आला तर सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे उठले म्हणजे गळती ठरली. काडी ओढून गळती शोधणें म्हणजे आपण होऊन अपघातास बोलावणें होय. या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य त्यांत मिसळलेलें असतें. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें केबिनच्या तळाशीं साचतो. वास येतांच टाकीची कळ बंद करावी, दोन्ही दरवाजे उघडावे, सर्वांनीं दूर व्हावें. दिवा किंवा इंजिन चालू करूं नये. १९०६ या क्रमांकावर फोन केल्यास मदत मिळते.

तिसरें स्थान बर्नरचें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन याच्या प्रयोगशाळेंत १८५५ च्या सुमारास जो दिवा तयार झाला, त्याचेंच तत्त्व येथें आहे. बारीक छिद्रांतून वेगानें सुटणारा गॅस आपल्याबरोबर हवा ओढून घेतो. एक माप प्रोपेन पूर्ण जळण्यास सुमारें २४ मापें हवा लागते. ती मिळाली कीं ज्योत निळी व स्थिर राहते. कमी पडली कीं पिंवळी होते आणि भांड्यांवर काजळी धरते. हवेच्या वाटेंत धूळ, उतू गेलेलें अन्न किंवा कोळ्याचें जाळें अडकलेलें असतें. तें मऊ ब्रशानें काढावें. गॅसच्या छिद्रांत तार मात्र घालूं नये. छिद्र रुंद झालें तर गॅस अधिक येतो, हवा तितक्या प्रमाणांत वाढत नाहीं, आणि दोष बळावतो.

येथवरचे दोष शेगडीचे झाले. सर्वांत मोठा दोष मात्र शेगडींत नसून तिच्या जागेंत असतो. थंडीच्या रात्रीं कांचा लावून, ऊब मिळावी म्हणून केबिनमध्यें शेगडी पेटती ठेवली, तर निर्दोष शेगडीही प्राण घेऊं शकते. कोंडलेल्या जागेंतील प्राणवायु कमी होत जातो, ज्वलन अपुरें राहतें, व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट जडतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग गुंगी येते. झोपलेल्यास तर यांतील कांहींच कळत नाहीं. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें या विषाचा अभ्यास करून खाणींत लहान प्राणी जवळ बाळगण्याचा सल्ला दिला होता. विलायतेंतील कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत याच कामासाठीं कॅनरी पक्षी ठेवीत. पक्षी गळाला कीं मजूर बाहेर धांवत.

ट्रकच्या केबिनमध्यें असा पहारेकरी नसतो. म्हणून स्वयंपाक बाहेर, सपाट जमिनीवर, आडोशाला करावा. जेवण उरकल्यावर टाकीची कळ बंद करावी. आणि झोपतांना उबेचें काम घोंगडीवर सोंपवावें. केबिनमध्यें कोणी गुंगींत आढळलाच, तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेंत आणून दवाखान्यांत न्यावें. बिघडलेली शेगडी सकाळीं दुरुस्त होते. बंद केबिनमध्यें गेलेला माणूस परत येत नाहीं.