अनुवादकाचे कारखाने

बाबूराव पेंटर ह्यांनी विष्णुपंत दामले ह्यांच्या साहाय्याने १९१८ साली चित्रपटाचा कॅमेरा ह्याच गावात घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणली, ही हकीकत कोल्हापुरात कोणास सांगावयास नको. चित्रपट काढावयाचा तर आधी तो काढण्याचे यंत्र घडवावे लागले. उद्यमनगरातही लेथला लागणारे भाग लेथवरच कातले जातात. हत्याराने हत्यार घडविणे ज्या गावाच्या अंगवळणी पडले आहे, त्या गावापुढे संगणकाच्या जगातील अशाच एका हत्याराविषयी आम्ही बोलणार आहोत. त्याचे नाव कंपायलर.

संगणकाला केवळ आकड्यांत मांडलेले हुकूम कळतात. माणूस मात्र लिहितो की, व्याज म्हणजे मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. ह्या दोहोंमध्ये कोणीतरी भाषा जाणणारा हवा. दुभाषा एकेक वाक्य ऐकून तिथल्या तिथे सांगत जातो. अनुवादक सगळा ग्रंथ आधी भाषांतरित करून मग हाती देतो. कंपायलर हा ह्या दुसऱ्या जातीचा. तो प्रथम शब्द सुटे करतो, मग वाक्यरचना पाहतो, अर्थ लावतो, वायफळ श्रम काढून टाकतो आणि शेवटी यंत्राचे हुकूम लिहितो.

ह्यांपैकी वाक्यरचनेचे काम दिसते तेवढे साधे नाही. ‘लाल फुलांची साडी’ म्हटले म्हणजे लाल काय, फुले की साडी? घरी हा प्रश्न साडी दाखवून मिटतो. यंत्राकरिता मात्र तो व्याकरणानेच आधी मिटविलेला असावा लागतो. (‘जुन्या काठाची साडी’ म्हटले असते तर ‘जुन्या’ ह्या सामान्यरूपानेच निकाल लागला असता. ‘लाल’ला विकार होत नाही म्हणून पंचाईत.) व्याकरणाचे नियम लिहून दिले की वाक्य तपासणारा कार्यक्रम आपणच तयार करून देणारे ‘याक’ नावाचे साधन स्टीफन जॉन्सन ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केले. त्याचा सर्वांना खुला असलेला वारस म्हणजे ‘बायसन’. दाजीपूरच्या गव्यालाही इंग्रजी बोलणारे ह्याच नावाने ओळखतात! एका वाक्याची रचना दोन प्रकारांनी लागण्याचा संभव दिसला, तर बायसन आधीच तक्रार करतो, हा त्याचा मोठा गुण. तरीही मोठ्या कारखान्यांनी त्याला निरोप दिला. ‘जीसीसी’ ह्या कंपायलरने २००४ साली सी प्लस प्लस भाषेकरिता आणि २००६ साली सी भाषेकरिता बायसन सोडून हाताने लिहिलेला तपासणीस घेतला. सी प्लस प्लसचे वेडेवाकडे व्याकरण त्या चौकटीत सुखाने बसत नव्हते. शिवाय हाताने लिहिलेल्या तपासणीसाकडून चुकीचा नीट खुलासा करवून घेणे सोपे जाते.

ही जीसीसी रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८७ साली लोकांपुढे ठेवली. तिची अट अशी की, कोणीही तिचे अंतरंग पाहावे, बदलावे. पण बदललेली प्रत दुसऱ्याला दिली तर बदलही उघडे करून द्यावेत. तिच्या शेजारी दुसरा कारखाना उभा राहिला तो ‘एलएलव्हीएम’. मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले विक्रम अडवे आणि त्यांचे शिष्य क्रिस लॅटनर ह्यांनी २००० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तो सुरू केला. त्याची अट सैल आहे. आपले बदल झाकून ठेवावयासही मुभा आहे. आणि त्याची बांधणीच सुट्या भागांची. मागची अर्धी बाजू तेवढी उचलून आपल्या नव्या भाषेला जोडता येते. रस्ट, स्विफ्ट, ज्यूलिया ह्या भाषांनी तेच केले. जीसीसीचे भाग असे सुटे करण्यास स्टॉलमन दीर्घकाळ नाखूष होते. खुल्या अर्ध्याला कोणी बंद अर्धा जोडील ही त्यांची भीती. बाहेरचा जोड लावण्याची सोय जीसीसीत २०१० साली आली. त्यांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही, परंतु तिची किंमत शिकणाऱ्याला मोजावी लागली.

कारण उघडे असणे निराळे आणि वाचता येणे निराळे. जीसीसीच्या ओळी लाखांनी मोजाव्या लागतात, आणि त्यांतला काही भाग तर कंपायलर नव्हेच, कंपायलरचे भाग निर्माण करणारी यंत्रणा आहे. नव्या प्रोसेसरचे वर्णन दिले की त्यावरून पुढचे भाग तयार होतात. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर ह्यांनी जीसीसीच्या अभ्यासाचे केंद्र उभारले, कार्यशाळा भरविल्या आणि ह्या अरण्यात कोणत्या मोजक्या कल्पना धरून शिरावे हे शिकविले. दार उघडे असूनही वाटाड्याची गरज पडते, ती अशी.

आता दुसरी वाट. ओकॅमल आणि हॅस्केल ह्या फंक्शनल भाषा, म्हणजे कार्यक्रमाकडे गणितातील फलाप्रमाणे पाहणाऱ्या: काही द्यावे, त्याचे काही यावे, मधल्या मध्ये कशाची उलथापालथ होऊ नये. एक पदावली म्हणजे एक तर आकडा, नाही तर दोन पदावलींची बेरीज, नाही तर दोन पदावलींचा गुणाकार. ओकॅमलमध्ये हे जवळजवळ असेच लिहितात. शून्य मिळविले तर मूळची पदावली राहते, एकाने गुणिले तरी तीच राहते, असे नियमही एकेका ओळीत बसतात. सी भाषेत हेच करताना जागा कोणी घेतली आणि कोणी सोडावयाची ह्यातच अर्धा जीव जातो. उद्या भागाकार वाढविला आणि एखाद्या ठिकाणी त्याची दखल घ्यावयाची राहिली, तर ओकॅमल राहिलेल्या प्रकाराचे नाव घेऊन बजावतो. आमच्या मते नवशिक्याला ह्याहून चांगला मास्तर नाही.

हॅस्केलबद्दल मात्र आम्ही थोडे हात राखून बोलू. ती भाषा मागितल्याशिवाय हिशेबच करीत नाही. त्यामुळे काय केव्हा घडले ह्याचा माग काढताना नवखा माणूस गोंधळतो. आणि दोन्ही भाषा जाणणारी माणसे गावात सी जाणणाऱ्यांइतकी सहज भेटत नाहीत, हेही खरे. जोडकाम मात्र उत्तम जमते. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता; तो पुरेसा उभा राहिल्यावर २०११ साली रस्टनेच रस्टचा कंपायलर घडविला, मागे एलएलव्हीएम जोडून.

कंपायलर हा विषय अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात असतो. पाच चौकटींची आकृती काढून गुण मिळविलेले, पण एकही कंपायलर उघडून न पाहिलेले पदवीधर आम्हांस पुष्कळ भेटले. त्यांनी उन्हाळ्याची सुट्टी घालवून, व्याजाचे ते एक वाक्य ज्यात लिहिता येईल एवढीच भाषा करून पाहावी. आकडे, नावे, चार क्रिया आणि एक कंस. शेदोनशे ओळींत ओकॅमलमध्ये ती उभी राहते. तिचे यंत्राच्या हुकुमांत रूपांतर एलएलव्हीएमकडे सोपवावे. आणि ते झाल्यावर जीसीसी घरच्या संगणकावर मुळापासून घडवून पाहावी. ती तीनदा घडते: प्रथम जुन्या कंपायलरने, मग त्या नव्याने स्वतःला, मग पुन्हा स्वतःला, दुसरी आणि तिसरी खेप ताडून पाहतात, आणि त्यांत फरक आढळला तर काम तिथेच थांबते.