किल्लीचे यंत्रांगनिष्ठ संरक्षण

कूटलेखनाचे बळ पद्धतीच्या गुप्ततेत नसून किल्लीच्या गुप्ततेत असते. लिनक्स प्रणालीचा कर्नल चकतीवरील मजकूर कूटबद्ध करतो, तेव्हा एरवी ही किल्ली संगणकाच्या स्मृतीत उघडीच असते. वीज तोडल्यावरही स्मृतीतील मजकूर काही सेकंद, व चिप थंड केल्यास त्याहून अधिक काळ टिकतो, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले. यास्तव किल्ली स्मृतीत येऊच न देणे हा खरा उपाय होय.

२०२५ मधील ६.१५ या आवृत्तीपासून कर्नलच्या ब्लॉक थरात तशी सोय आहे. प्रथम यंत्रांग स्वतःच किल्ली निर्माण करते व आपल्या अंतर्गत गुपिताने वेष्टून बाहेर देते. ही दीर्घकालीन वेष्टित किल्ली चकतीवर ठेवता येते. संगणक सुरू झाल्यावर तिचे अल्पकालीन वेष्टनात रूपांतर होते, आणि तेच कर्नल साठवण-नियंत्रकाच्या हवाली करतो. यंत्र पुन्हा सुरू होताच हे वेष्टन निरुपयोगी ठरते.

फाइलींची नावे मात्र कर्नललाच कूटबद्ध करावी लागतात. त्यासाठी यंत्रांग मूळ किल्लीपासून एक निराळे गुपित काढून देते, व तेवढे स्मृतीत राहतेच. शिवाय चालू यंत्राचा ताबा ज्याने मिळवला, त्यास किल्ली न गवसली तरी मजकूर वाचता येतो. अर्थात, येथे संरक्षण लाभते ते किल्लीस. चालू यंत्रास नव्हे.