जुन्या लष्करी नेमबाज रायफली : अचूकता आणि मर्यादा

प्रस्तावना : खानदेशच्या लष्करी इतिहासात धरणगावचे स्थान महत्त्वाचे आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने उभारलेल्या खानदेश भिल्ल पलटणीचे मुख्य ठाणे येथे होते. या काळातील चकमकींचा अभ्यास करताना बंदुकीचा 'पल्ला' आणि तिची 'अचूकता' या दोन गोष्टी बऱ्याचदा एकच मानल्या जातात. त्यांतील फरक स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुळगुळीत नळी ते आटे : ठासणीच्या जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा लहान असल्याने ती आत आदळत बाहेर पडे. परिणामी सुमारे १०० यार्डांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम भरवशाचा राहत नसे. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलच्या नळीत तीन आटे होते. गोळीचा मागील पोकळ भाग दारूच्या दाबाने फुगून आट्यांत बसे, गोळीला फिरकी मिळे आणि ती स्थिर मार्गाने जाई. या रायफलच्या मागील नेमावर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

तथापि खूण असणे म्हणजे नेम लागणे नव्हे. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन सुमारे २७ इंच, तर व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलचे सुमारे साडेचार इंच भरले. व्हिटवर्थ अधिक अचूक असली तरी महाग होती आणि तिच्या नळीत दारूची काजळी लवकर साचत असे. म्हणून ती सर्व सैन्याला मिळाली नाही. शिवाय एन्फिल्डची गोळी उंच कमान घेऊन जात असल्याने अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती लक्ष्यावरून निघून जाई. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्ल व इंग्रजी फौज यांची लढाई झाली. सातपुड्याच्या अशा दऱ्याखोऱ्यांत व झाडीत शत्रू दूरवरून दिसणेच कठीण असल्याने लांब पल्ल्याचा लाभ मर्यादित राहतो.

अचूकता आणि सत्ता : १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक तयार झाली. ती एन्फिल्डसारखीच दिसे. परंतु तिची नळी.६५६ इंच व्यासाची आणि गुळगुळीत होती. पुढेही गोऱ्या सैन्याला नवी रायफल मिळाल्यावर हिंदी सैन्याला मागील पिढीची दिली जाई. हिंदी शिपायाच्या नेमातील उणीव ही बव्हंशी त्याच्या कौशल्यातील नसून धोरणातील होती, हे यावरून लक्षात येते.

दुर्बिणीची रायफल : दुसऱ्या महायुद्धातील 'क्रमांक ४ (टी)' ही नेमबाज रायफल साध्या .३०३ रायफलींतून निवडून बनवली जाई. तिच्यावरील दुर्बीण साडेतीन पट मोठे दाखवी. स्वीकृतीची अट अशी होती की, २०० यार्डांवर सातही गोळ्या ५ इंचांच्या, तर ४०० यार्डांवर सातपैकी सहा १० इंचांच्या वर्तुळात बसाव्यात. हेच प्रमाण पुढे नेल्यास ८०० यार्डांवर वर्तुळ सुमारे २० इंचांचे होते. वाऱ्याचा व अंतराच्या अंदाजाचा दोष त्याहून निराळा. दुर्बिणीच्या चकतीवर मात्र १००० यार्डांपर्यंत आकडे होते. प्रत्येक दुर्बीण विशिष्ट रायफलशीच जुळवलेली असे. म्हणून अदलाबदल झाल्यास नेम बिघडे. दमट हवेत भिंगे धूसर होत. लाकडी दस्ता ओलाव्याने फुगला की नळीवरील दाब बदले. आज अशी रायफल तपासताना नळीची झीज आणि जुन्या काडतुसांतील असमानता यांचाही विचार करावा लागतो.

समारोप : अचूकता हा एकट्या रायफलीचा गुण नसून नळी, काडतूस, नेमसाधन, भूप्रदेश आणि नेमबाजाचे प्रशिक्षण यांचा तो एकत्रित परिणाम आहे. खानदेशातील लढायांचे मूल्यमापन करताना केवळ शस्त्राचे नाव व छापील पल्ला पाहून पराक्रम किंवा पराभव ठरवणे योग्य होणार नाही. कोणाच्या हाती कोणती नळी दिली गेली, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.