हंगामापूर्वीची धाव

ऑगस्टच्या आरंभी, अमेरिकेतील शाळांची दारे अद्याप बंद असताना, सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास एखाद्या हायस्कूलच्या मैदानावर गेले, तर दवाने ओल्या झालेल्या गवतावर चाळीस-पन्नास मुलेमुली हजेरीसाठी उभी असलेली दिसतात. ही मंडळी क्रॉस कंट्रीची, म्हणजे आखीव धावपट्टीवर नव्हे, तर गवत, माती, चढउतार आणि झाडीतल्या वाटा यांवरून धावण्याच्या शर्यतीची असतात. बहुतेक राज्यांत ही शर्यत 5 किलोमीटरांची, म्हणजे सुमारे 3.1 मैलांची असते, आणि नोव्हेंबरपर्यंत चालणाऱ्या तिच्या हंगामाचा पाया या उन्हाळी सरावातच घातला जातो. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या रांगांत असतात. परंतु ज्या आईबापांनी स्वतःच्या शाळकरी वयात धावणे म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनातील शंभर मीटर एवढेच पाहिले, त्यांच्या मनात या सरावाविषयी ज्या कल्पना रूढ असतात, त्यांतील काही निरुपद्रवी, तर काही मुलांच्या प्रकृतीला सरळ अपायकारक असल्यामुळे त्यांचा खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

‘आमचा मुलगा काही वेगवान नाही, त्याचा तेथे काय उपयोग?’ हा प्रश्न या खेळाची गणनपद्धती ठाऊक नसल्यामुळे विचारला जातो. शर्यतीत प्रत्येक शाळेचे सात जण उतरतात आणि त्यांतील पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज हीच संघाची गुणसंख्या ठरते. जिची बेरीज सर्वांत कमी ती शाळा विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेने पटकावले, तर एक ते पाच यांची बेरीज 15 येते, आणि याहून चांगली गुणसंख्या संभवतच नाही. सहावा आणि सातवा धावपटू बेरजेत धरला जात नसला, तरी तो प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्या गड्याच्या पुढे गेला, की त्या गड्याचा क्रमांक एकाने मागे ढकलला जातो. अर्थात एकटा तारा कितीही तळपला तरी संघ हरू शकतो, आणि पाचव्या मुलाने अखेरच्या चढावर मागे टाकलेली दोन माणसे अजिंक्यपद मिळवून देऊ शकतात. या व्यवस्थेमुळेच अनेक शाळांत या संघातून कोणालाही वगळण्याचा शिरस्ता नाही. इलिनॉय राज्यातील एल्महर्स्ट येथील यॉर्क हायस्कूलचे प्रशिक्षक जो न्यूटन यांनी आपल्या दीर्घ कारकीर्दीत शाळेला 28 वेळा राज्याचे अजिंक्यपद मिळवून दिले, आणि त्यांच्या संघात काही वर्षी मुलांची संख्या दोनशेच्या घरात असे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

याहून घातक समज असा, की सराव म्हणजे धाप लागून गुडघ्यांवर हात टेकेपर्यंत धावणे, आणि जी धाव सोपी वाटली ती फुकट गेली. ही समजूत मोडून काढण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड अग्रगण्य आहे. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या न्यूझीलंडच्या गृहस्थाने स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे प्रयोग करून असे ठरविले, की शर्यतीचा वेग अंगी बाणविण्यापूर्वी कित्येक आठवडे दीर्घ आणि संथ धावण्याचा भक्कम आधार शरीराला दिला पाहिजे. आणि 2 सप्टेंबर 1960 रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेलने 800 मीटरांत आणि मरे हॅलबर्गने 5,000 मीटरांत, एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली, तेव्हा या मताकडे जगाचे लक्ष गेले. ज्या स्नेलची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपे, तोही आपल्या साथीदारांबरोबर बावीस मैलांची डोंगरवाट धावत असे. चौदा वर्षांच्या मुलाने तितके मैल धावावेत असा याचा अर्थ मुळीच नव्हे. अर्थ एवढाच, की संथ धावणे हीच सिद्धता आहे, तिची उणीव नव्हे. अशा धावण्याने हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंभोवती सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणारी तंतुकणिका नामक केंद्रे वाढतात. वेग योग्य आहे की नाही हे पाहण्यास घड्याळाची गरज नाही : दोन मित्र धावता धावता कालच्या सामन्याची हकिकत पूर्ण वाक्यांत एकमेकांस सांगू शकत असतील, तर वेग बरोबर आहे.

येथे एक शारीरिक वस्तुस्थिती ध्यानी घेणे अवश्य आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, परंतु हाडे आणि स्नायुबंध यांना महिनेच्या महिने लागतात. हाडावर नवा भार पडला, की शरीर आधी जुने अस्थिद्रव्य काढून घेते आणि त्या जागी नवे मागाहून भरते, त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षाही किंचित दुबळे असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता मला काहीच वाटत नाही’ असे सांगणारा मुलगा खरेच बोलत असतो. त्याचे हृदय सिद्ध झालेले असते, त्याची नडगी मात्र झालेली नसते. जून-जुलै आळसात घालवून ऑगस्टमध्ये एकदम सगळे भरून काढू पाहणाऱ्यांची नडगी दुखते ती याच कारणाने. नडगीच्या कडेवर पसरलेले दुखणे विश्रांतीने आणि मैल कमी करून बहुधा शमते. परंतु बोटाने दाबून दाखविता येईल अशा एकाच बिंदूवर हाड दुखू लागले, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे गेले पाहिजे, कारण ते हाडास सूक्ष्म तडा गेल्याचे लक्षण असू शकते.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, म्हणजे दुखापत टळते, असा एक नियम धावपटूंच्या तोंडी वेदवाक्यासारखा बसला आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे 532 नवशिक्या धावपटूंवर या नियमाची परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. नियम पाळणाऱ्या गटात 20.8 टक्के, तर अधिक झपाट्याने अंतर वाढविणाऱ्या गटात 20.3 टक्के लोकांना दुखापत झाली. यावरून हवे तसे धावण्याची मुभा मिळते असे नाही, परंतु मुलाचे दुखणे ऐकून घेणे हे टक्केवारी मोजण्याहून अधिक मोलाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, हाही समज निराधार आहे. स्नायूंतून रक्तात आलेले लॅक्टेट धावणे थांबल्यावर तासाभरात पूर्ववत होते, आणि मागाहून येणारे दुखणे स्नायुतंतूंना, विशेषतः उतारावर धावताना, झालेल्या सूक्ष्म इजांचे असते.

उन्हाच्या बाबतीत मात्र अज्ञान प्राणावर बेतू शकते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीची शर्यत भर उन्हाळ्यात घेण्यात आली. जगातील निवडक 38 धावपटूंपैकी केवळ 15 अखेरच्या रेषेपर्यंत पोचले, पावो नुर्मी जिंकला, परंतु ही शर्यत ऑलिंपिकमधून कायमची बाद झाली. ‘आम्ही नागपूरच्या उन्हात वाढलो, आमच्या मुलाला टेक्सासचे ऊन काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, की ऊन सोसण्याची शक्ती वंशपरंपरेने येत नाही. वातानुकूलित घरात उन्हाळा काढलेल्या शरीराला ती नव्याने कमवावी लागते, आणि त्यास दहा ते चौदा दिवस लागतात. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये हायस्कुलांसाठी केलेल्या शिफारशींत सरावाचे पहिले चौदा दिवस याच कामासाठी राखून ठेवण्याची आणि पहिल्या पाच दिवसांत दिवसाला एकाहून अधिक सराव न घेण्याची तरतूद आहे. धावताना एखादे मूल भरकटल्यासारखे बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले, तर तो उष्माघात समजून रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. आधी त्यास बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करावे आणि मग इस्पितळात न्यावे, असाच आजचा वैद्यकीय दंडक आहे.

पाणी जितके अधिक तितके चांगले, ही कल्पनाही तितकीच टाकाऊ. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर घटलेले आढळले, आणि त्याचे प्रमुख कारण अतिरिक्त पेयपान हे होते. तहान लागेल तसे प्यावे. बाटली संपविण्याची पैज लावू नये.

आता आपल्या घरांपुरते. शाकाहारी मूल लांब पल्ल्याचे धावूच शकत नाही, हे असत्य आहे. परंतु वनस्पतिजन्य अन्नातील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते, आणि मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींत त्याची उणीव लवकर जाणवते, हे सत्य आहे. उसळीवर लिंबू पिळण्याची आपली रीत यासाठी अगदी योग्य आहे, कारण क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साह्य करते. जेवणास लागूनच चहा घेण्याची सवय मात्र त्यास अडथळा आणते. लोहाच्या गोळ्या रक्ततपासणीखेरीज सुरू करू नयेत. आणि सरावामुळे मुलीची पाळी बंद झाली तर ती उत्तम तयारीची खूण, असे कोणी सांगितल्यास त्यावर क्षणभरही विश्वास ठेवू नये. ऊर्जेच्या खर्चाच्या मानाने अन्न अपुरे पडत असल्याचा तो इशारा असतो; ही तूट लांबली तर ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती पोकळ होतात. वजन घटले म्हणजे वेग वाढला असे मानून मुलीचे ताट कमी करणाऱ्या आईला मी हात जोडून विनवीन, की तिने ते पुन्हा भरावे.

दमा असलेल्या मुलाने धावू नये, हाही एक जुना समज. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध नियमित घेणारी, इनहेलर जवळ बाळगणारी मुले या संघांत बिनदिक्कत धावतात. मात्र ही गोष्ट प्रशिक्षकापासून लपवून ठेवू नये. राज्याराज्यांचे कायदेकानू निरनिराळे असले, तरी डॉक्टरांनी तपासणी करून दिलेला दाखला शाळेच्या दप्तरी दाखल झाल्याखेरीज मुलास रीतसर सरावात घेतले जात नाही. आणि मुदत जवळ येते तशी दवाखान्यात गर्दी वाढत जाते, म्हणून तपासणीची वेळ पालकांनी जूनमध्येच मागून ठेवावी.