रक्तदाबाची गोळी : नियमित आणि निर्धोक

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात तपासलेले रुग्ण, झालेल्या शस्त्रक्रिया आणि नव्याने घेतलेली उपकरणे यांचा हिशेब येतो. उच्च रक्तदाबावरील उपचारांचे यश मात्र यांपैकी कोणत्याच रकान्यात मांडता येत नाही. न झालेला पक्षाघात, न आलेला हृदयविकाराचा झटका आणि निकामी न झालेले मूत्रपिंड हेच ते यश होय. ते साध्य होण्यासाठी लागणारे औषध साधे व बहुतेकांना परवडणारे असते. ते रोज व योग्य रीतीने घेतले जाणे, ही खरी अडचण आहे. म्हणून या वर्षीच्या अहवालात आमचे रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि संस्थेचे हितचिंतक यांच्यासाठी या विषयाची माहिती देत आहोत.

एक अनुभव

आमच्या बाह्यरुग्ण विभागात नियमित येणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मध्यंतरी येईनासे झाले. गावातील एका शिबिरात त्यांचा रक्तदाब १२८/८० भरला होता. ‘आता बी.पी. गेले, मग मुलाला गोळ्यांचा खर्च कशाला?’ असा विचार करून त्यांनी औषध बंद केले आणि घरी कोणाला सांगितले नाही. काही महिन्यांनी एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना व जीभ जड झाली. त्यांचे प्राण वाचले, आज ते काठीच्या आधाराने चालतात. परंतु सारी हयात मुलांना वाचायला शिकवण्यात घालवलेल्या या गृहस्थांना आता स्वतःचे वाक्य पूर्ण करताना शब्द सापडत नाहीत. त्यांच्या पत्नी आम्हाला म्हणाल्या, “डॉक्टर, बी.पी. चांगले होते हो. म्हणूनच तर त्यांनी गोळी सोडली.”

या एका वाक्यात या आजाराविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज सामावलेला आहे. रक्तदाब चांगला होता तो गोळीमुळे. गोळी थांबताच तो पुन्हा वाढू लागला आणि ते कळण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

दुखत नाही, म्हणून कळत नाही

रक्तदाबाच्या दोन आकड्यांपैकी वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा व खालचा ते शिथिल होतानाचा दाब दाखवतो. रुग्णालयात वेगवेगळ्या दिवशी केलेल्या मोजणीत तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत असेल, तर सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. बहुतेक रुग्णांना यात काहीही त्रास जाणवत नाही. डोके दुखले तरच बी.पी. वाढले, ही समजूत चुकीची आहे. आतल्या आत मात्र वाढलेला दाब मेंदू, हृदय, मूत्रपिंडे व डोळे यांच्या रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करीत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील उच्च रक्तदाबाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार जणांवर पुरेसे उपचार होत नाहीत. आपल्या देशात या दृष्टीने २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. ठरावीक औषधे, त्यांचा अखंड पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. चांगली औषधे आज उपलब्ध आहेत, रुग्णाने त्यांच्यापासून दुरावू नये हेच मोठे काम आहे, याची ही पावती म्हणावी लागेल.

वनस्पतीजन्य औषध आणि एक धडा

‘झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही,’ असे आम्ही नेहमी ऐकतो. याबाबत मुंबईतील एक घटना उद्बोधक आहे. सर्पगंधेचा उपयोग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे मात्र या औषधाच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना औदासीन्य येते, असेही निदर्शनास आले आणि नवी औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

औषध कोणत्याही उगमाचे असो, ज्याचा गुण येतो त्याचा दुष्परिणामही संभवतो. म्हणून कोणताही काढा, चूर्ण वा गोळी घेत असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये. घशासाठी वारंवार चघळला जाणारा ज्येष्ठमधसुद्धा जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

आपली गोळी ओळखावी

प्रत्येकाने आपल्या गोळीचे नाव व मात्रा लिहून ठेवावी. ‘पांढरी लहान गोळी’ हे वर्णन उपयोगाचे नाही, कारण कंपनी बदलली की रंग व आकार बदलतो. नेहमीच्या वापरातील औषधांची थोडक्यात माहिती अशी :

अम्लोडिपीन : या औषधाने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ही सूज दिसताच मूत्रपिंड बिघडले, असे समजून घाबरू नये. डॉक्टरांना दाखवावे. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून हा त्रास दूर होऊ शकतो.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल : यांमुळे काही रुग्णांना कोरडा खोकला येतो. खोकल्याची औषधे घेत राहण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. ओठ, जीभ वा चेहरा सुजल्यास पुढची गोळी न घेता त्वरित रुग्णालय गाठावे.

टेल्मिसार्टन, लोसार्टन : खोकल्याचा त्रास यांत सहसा होत नाही. मात्र ही औषधे आणि वरील गटातील औषधे गरोदरपणात घेता येत नाहीत. दिवस राहिल्याची शंका येताच किंवा त्याचे नियोजन असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात देता येणारी वेगळी औषधे उपलब्ध आहेत. या दोन्ही गटांतील औषधे सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे लागते. ती तपासणी टाळू नये.

क्लोर्थॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड : या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असल्याने त्या सकाळी घेणे सोयीचे असते. वृद्धांमध्ये यांमुळे रक्तातील सोडियम कमी होऊ शकते. फार थकवा, पायात गोळे येणे किंवा बोलण्यात असंबद्धता जाणवल्यास रक्त तपासून घ्यावे.

अटेनोलोल, मेटोप्रोलोल : यांनी नाडी मंदावते. दमा असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही औषधे एकाएकी बंद केल्यास छातीत दुखणे व हृदयविकाराचा धोका संभवतो. क्लोनिडीन अचानक थांबवल्यास रक्तदाब एकदम उसळतो.

प्राझोसिन : सुरुवातीच्या दिवसांत उठून उभे राहताना भोवळ येऊ शकते. रात्री उठताना आधी काठावर बसावे, मग उभे राहावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोळी सकाळी घ्यावी की रात्री? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन वेळांमुळे हृदयविकार व पक्षाघाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. डॉक्टरांनी विशिष्ट वेळ सांगितली नसेल, तर जी वेळ रोज पाळता येईल ती उत्तम.

एखादी गोळी राहिली तर? त्याच दिवशी आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असल्यास राहिलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

उपवासाच्या दिवशी काय करावे? रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या पाण्याबरोबर उपाशीपोटीही चालतात. एकादशी वा चतुर्थी हे गोळी चुकवण्याचे कारण होऊ नये. रमजानमध्ये रोजे करणाऱ्यांनी आधीच येऊन भेटावे, म्हणजे वेळा बदलून देता येतात.

उपाशीपोटी रक्त तपासायचे त्या सकाळी? येथे फार मोठी चूक होते. पुष्कळ रुग्ण त्या दिवशी रक्तदाबाची गोळीही घेत नाहीत, मग रक्तदाब जास्त भरतो आणि औषध विनाकारण वाढण्याची वेळ येते. वेगळी सूचना नसल्यास ही गोळी पाण्याबरोबर घेऊनच यावे. मधुमेहाच्या औषधांचे नियम निराळे असतात, ते विचारून घ्यावेत.

जुलाब, उलट्या झाल्यास? शरीरातील पाणी कमी झाले असता लघवीच्या गोळ्या तसेच एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात. काही दिवस ती थांबवावी लागतील का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

गोळीच्या वाटेतील अडथळे

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबाच्या औषधांबरोबर त्यांचा धोका अधिकच वाढतो. सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनीही रक्तदाब चढतो.

दुसरा अडथळा मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमच्याहूनही कमी मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण, खारवलेली मासळी आणि पानात वरून घेतलेले मीठ यांतून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. सैंधव हेही मीठच आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा एनालाप्रिल, टेल्मिसार्टन गटातील औषध घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

घरी मोजताना

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू वा मिश्री घेऊ नये. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. उघड्या दंडावर पट्टा बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून तारखेसह वहीत लिहावे. घरच्या मोजणीत सातत्याने १३५/८५ किंवा अधिक भरत असल्यास ती वही घेऊन यावे. एका आकड्यावरून आपण होऊन मात्रा वाढवू किंवा घटवू नये.

रक्तदाब १८०/१२० च्या वर भरला, पण त्रास काहीच नसेल, तर शांत बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. जिभेखाली कॅप्सूल फोडून दाब झटकन उतरवण्याची जुनी पद्धत धोकादायक ठरल्याने केव्हाच मागे पडली आहे. दाब एकदम कोसळल्यास मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा घटतो.

छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले, तर आकडा कितीही असो, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघाताची शंका असल्यास रुग्णाच्या तोंडात पाणी वा गोळी घालू नये. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

कुटुंबीयांना आणि हितचिंतकांना विनंती

त्या शिक्षकांच्या घरी कोणाचे प्रेम कमी नव्हते. त्यांना गोळी घेतली का, एवढे विचारण्याची रीत मात्र घरात नव्हती. घरातील एका व्यक्तीने आठवड्यातून एकदा गोळ्यांची स्ट्रिप पाहावी. भेटीला येताना सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावीत, केवळ जुना केसपेपर पुरत नाही. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी नव्या आणाव्यात. त्रास होत असेल किंवा पैशांची अडचण असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. जनऔषधी केंद्रांत यांतील बरीच औषधे कमी किमतीत मिळतात आणि आमच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाकडेही मदतीसाठी येता येते. संकोचाने औषध सोडलेला रुग्ण आम्हाला पुन्हा भेटतो, तो बहुधा अतिदक्षता विभागात.

देणगीदारांनी दिलेल्या निधीतून घेतलेल्या गोळ्यांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. तो निधी एखाद्या घरातील कर्ता माणूस सकाळी नेहमीप्रमाणे कामावर जातो, एखादी आजी नातवाला गोष्ट सांगते, यात खर्ची पडलेला असतो. असे कितीतरी दिवस आपल्या साहाय्याने पार पडले आहेत. त्यांची नोंद अहवालाच्या कोष्टकात नसली, तरी त्यांची कृतज्ञ जाणीव आम्हाला आहे.