पिलाताचे धुतलेले हात

मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' 2004 साली आला आणि लोकांनी तो डोळे पुसत पाहिला. संवाद अरामाइक आणि लॅटिन, फटके अंगावर येणारे. त्यामुळे जसं घडलं तसंच दाखवलंय, असं वाटून जातं. इथूनच पहिला गैरसमज सुरू होतो: चित्रपटात आहे ते सगळं बायबलमधलं.

तसं नाही. अटक झालेल्या येशूला साखळदंडासकट पुलावरून खाली ढकलतात, रोमन सुभेदार पिलाताची बायको येशूच्या आईला, मरियेला, स्वच्छ कापड आणून देते, हे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. हे प्रसंग येतात ॲन कॅथरीन एमरिक या जर्मन मठवासिनीच्या दृष्टान्तांतून. क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने ते शब्दांत मांडून 1833 मध्ये छापले. येशूच्या मृत्यूवेळी यरुशलेममधल्या मंदिराचा पडदा फाटला, असं शुभवर्तमानं सांगतात. पडद्यावर मात्र मंदिरच दुभंगतं.

दुसरी समजूत अधिक जुनी आणि अधिक घातक: येशूला ज्यूंनी मारलं, पिलाताचा नाइलाज झाला. क्रूसावर चढवणं ही रोमन शिक्षा होती. पिलात इसवी सन 26 ते 36 यहूदियाचा सुभेदार होता. फिलो आणि जोसेफस या त्या शतकातल्या ज्यू लेखकांनी रंगवलेला पिलात कठोर, रक्तपाताला न कचरणारा आहे. शोमरोनी लोकांच्या कत्तलीच्या तक्रारीवरून त्याला पदावरून हटवलं गेलं. ज्यू महायाजकाला नेमणं-काढणंही रोमनांच्याच हाती होतं. याजकांनी येशूच्या मृत्यूची मागणी केली, हे शुभवर्तमानांत आहेच. पण चित्रपटातला पिलात विचारी, व्याकूळ, आणि समोर ओरडणारा जमाव. प्रेक्षकाची सहानुभूती कुठे जाणार, हे तिथेच ठरतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. फटके मारणारे रोमन शिपाई क्रूरच दाखवलेत, आणि येशूचा क्रूस उचलायला लावलेला कुरेनेकर शिमोन हा ज्यू फार मायेने उभा केलाय.

पिलात हात धुऊन येशूच्या रक्ताची जबाबदारी झटकतो, तो प्रसंग फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. लगेच पुढच्या ओवीत जमाव त्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर घेतो. युरोपात शतकानुशतकं हीच ओवी दाखवून ज्यूंना पिढीजात खुनी ठरवलं गेलं. आक्षेपांनंतर गिब्सनने ती काढली, असं सांगतात. काढली ती इंग्रजी उपशीर्षकातून. अरामाइकमध्ये ती ऐकू येते.

चर्चची शिकवणच तशी आहे, असं अजूनही अनेकांना वाटतं. पोप तेविसावे जॉन यांनी 1959 मध्ये गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतलं ज्यूंना विश्वासहीन म्हणणारं विशेषण काढलं. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, 2221 विरुद्ध 88 मतांनी, स्पष्ट केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही. येशूच्या दुःखसहनाची नाटकं-चित्रपट कसे पारखावेत, याचे निकष अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी 1988 मध्येच दिले. त्यामुळे गिब्सनच्या चित्रपटावरची टीका म्हणजे ख्रिस्ती धर्मावर हल्ला, हेही खरं नाही. 2003 मध्ये त्याची पटकथा वाचून धोका दाखवणाऱ्यांत कॅथलिक अभ्यासक होते.

आपल्याकडे हा वाद परका वाटतो, त्यालाही कारण आहे. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना गावाने शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून ओळखलं. देवाचे मारेकरी हा शिक्का त्यांच्यावर शेजाऱ्यांनी कधी मारला नाही. म्हणून मराठी प्रेक्षकाला त्या जमावाच्या आरोळीमागचा इतिहास ऐकू येत नाही.

आणि 'सिनेमाच तर आहे, त्याने काय होतं?' हा प्रश्न. बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावाने प्लेगच्या साथीत नवस बोलून 1634 पासून येशूच्या दुःखसहनाचं नाटक चालवलंय. 1934 मध्ये हिटलर ते पाहायला गेला आणि पुढेही त्याची वाखाणणी करत राहिला, कारण त्याला हवे तसे ज्यू तिथे रंगमंचावर होते. 1990 पासून ख्रिस्टियान श्ट्यूकल या गावकरी दिग्दर्शकाने ते नाटक बदलत आणलं. याजकांच्या डोक्यावरच्या शिंगांच्या टोप्या गेल्या, 2000 मध्ये ती रक्ताची ओवी गेली. 2010 च्या प्रयोगात येशू तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, गुंडाळी हातात उंच धरतो, आणि अख्खं गाव हिब्रूत 'शेमा' ही ज्यू प्रार्थना गातं.